पॅप्रिकाची दहा पेरं

नॅडीन ह्रिंको सकाळी सव्वाआठला दवाखान्यात शिरली, ती बुटांवरचा बर्फसुद्धा न झाडता. एका हातात मांजरीची पेटी, दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या आणि चेहरा असा, की कुणी एक प्रश्न जास्तीचा विचारला तर अंगावर येईल.

काउंटरमागे लोरेटा बोदनार होती. प्राण्यांच्या ह्या दवाखान्यात ती बावीस वर्षं डॉक्टर क्राउसच्या हाताखाली होती. इंजेक्शनं देणं, भूल चढेपर्यंत जनावर धरणं, ऑपरेशनची हत्यारं मांडणं, सगळं तिच्याकडे. नॅडीन आणि ती शाळेत एका वर्गात होत्या. मैत्री म्हणावी इतकी जवळीक कधी नव्हती. पण पोलादाचा कारखाना बंद पडल्यावर नदीकाठच्या त्या गावात जे मागे उरले, ते सगळेच एकमेकांना अरे-तुरे करत.

"पुढच्या दोन्ही पंजांची नखं काढायची आहेत. कायमची," नॅडीन म्हणाली. "काल फोन करून वेळ घेतलीय."

लोरेटानं पेटीच्या जाळीतून आत पाहिलं. केशरी पट्ट्यांची एक मांजर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"ही तुझ्या आईची पॅप्रिका ना गं?"

"हो. आणि आई हॉस्पिटलात आहे, तेही तुला माहीत असेल. अख्ख्या चर्चला माहीत आहे."

लोरेटाला माहीत होतं. आगाथाबाई शहात्तर वर्षांच्या. हृदयात बदललेली झडप, रोज रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या. मांजरीनं मनगटावर ओरखडलं, बाईंनी तीन दिवस त्यावर साधं फडकं गुंडाळलं, आणि चौथ्या दिवशी नॅडीन घरी गेली तेव्हा आई स्वयंपाकघरात फरशीवर तापानं फणफणून पडलेली. हात कोपरापर्यंत जांभळा.

"आगाथाबाईंनी सांगितलं का नखं काढायला?"

"तिनंच पाठवलंय मला. कुठे सही करायची ते दाखव, मला कामावर जायचंय."

लोरेटानं कागद पुढे सरकवला. नॅडीननं सही केली आणि पेटीकडे मागे वळूनही न बघता निघून गेली.

नऊ वाजता लोरेटानं पॅप्रिकाला गुंगीचं इंजेक्शन दिलं. मांजरीनं फारसा विरोध केला नाही. नुसती तिच्या बाहीत नाक खुपसून राहिली. साडेदहाला ऑपरेशन होतं. लोरेटानं हत्यारं उकळत्या वाफेतून काढून हिरव्या कापडावर मांडली. 'नखं काढणं' हा शब्द ऐकायला सोपा. प्रत्यक्षात प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर, हाडासकट, सांध्यातून कापून काढायचं. माणसाची बोटं नखाखालच्या सांध्यापासून छाटावीत, तसं. पाच आणि पाच, दहा पेरं. पिट्सबर्गमध्ये शहरापुरती त्यावर बंदी आली होती. नदीच्या ह्या बाजूला, त्यांच्या गावात, नव्हती.

सव्वानऊला फोन वाजला.

"लोरेटा? मी आगाथा बोलतेय गं. हॉस्पिटलातून." आवाज कापसासारखा हलका झाला होता. "ऐक, माझी पॅप्रिका हरवली. शेजारीण तिला खायला घालायला गेली, तर घरात कुठेच नाही म्हणते. कुणी आणून तर नाही ना सोडली तुमच्याकडे? कालपासून इतकी थंडी आहे बाहेर…"

लोरेटाच्या हातातला फोन एकदम जड झाला. समोर, काचेच्या दारामागे, पॅप्रिका गुंगून कुशीवर कलंडत होती. आगाथाबाईंना काही माहीतच नव्हतं. नॅडीन तोंडावर खोटं बोलून गेली होती.

काय सांगायचं? 'इथे नाही' म्हटलं तर दोन तासांत सगळं उरकलं असतं, आणि मग ते मायलेकींचं आपसातलं. 'इथे आहे' म्हटलं तर नॅडीन उघडी पडणार, डॉक्टर चिडणार, आणि हॉस्पिटलातल्या बाईच्या काळजावर घाव बसणार तो वेगळाच.

"हॅलो? आहेस ना गं?"

"आहे. आगाथाबाई, पॅप्रिका इथेच आहे. सुखरूप आहे."

"देवाची कृपा!" बाईंनी श्वास सोडला. मग विचारलं, "तुमच्याकडे कशाला?"

"नॅडीननं आणलीय. नखं काढायला. तुम्ही पाठवलंय म्हणाली."

पलीकडून हॉस्पिटलातल्या कसल्याशा यंत्राची टिकटिक ऐकू आली.

"मी नाही पाठवलं," आगाथाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टर एमिल क्राउस आपल्या खोलीत कॉफी पीत होते. अडुसष्ट वर्षांचे, उंच, हातांची बोटं मात्र बायकांसारखी नाजूक. गावातली अर्धी मांजरं त्यांच्या हाताखालून गेलेली.

"डॉक्टर, ह्रिंकोंच्या मांजरीचं ऑपरेशन करता येणार नाही."

"का? ताप आहे?"

"मालकिणीची परवानगी नाही. आत्ता त्यांचाच फोन होता."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "मुलीनं सही केलीय ना? म्हातारी मरता मरता वाचली, लोरेटा. हे सोफा फाडला म्हणून आलेलं गिऱ्हाईक नाही. इथे खरंच कारण आहे."

"कारण असलं तरी मांजर नॅडीनची नाही."

"आणि नखं नाही काढली तर काय होईल? मुलगी तिला सरळ बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात देईल. सात वर्षांची मांजर कोण नेणार तिथून? महिन्याभरात मरणाची सुई. तीस वर्षं बघतोय मी हे. मला पंजे कापायची हौस नाही. पण पंजे गेले तर घर राहतं. घर गेलं तर काहीच राहत नाही."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. लोरेटानं ते शेकडो वेळा ऐकलं होतं, स्वतः गिऱ्हाइकांना ऐकवलंही होतं. आज मात्र तिच्या डोक्यात काहीतरी सटकलं.

"माझी डचेस आठवते?" ती म्हणाली.

"तुझी करडी मांजर? मूत्रपिंडं गेली होती ना तिची?"

"मूत्रपिंडं ठणठणीत होती तिची. मी खोटं बोलले तुमच्याशी." लोरेटा त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "आपण दोघांनी मिळून तिची नखं काढली. मीच धरलं होतं तिला. त्यानंतर ती वाळूच्या ट्रेमध्ये पाय ठेवीना. वाळू टोचायची तिला. गालिच्यावर मुतायची. कुणी हात लावला की चावायची, तिच्याकडे दुसरं होतं काय? माझ्या नवऱ्याच्या अंगठ्याला टाके पडले. दोन वर्षं काढली आम्ही तशी. मग मी तिला घेऊन आले आणि तुम्हाला सांगितलं मूत्रपिंडं गेलीत, तपासण्या नकोत. आणि तुम्ही तिला कायमचं झोपवलंत. पंजे गेले, डॉक्टर, आणि घरही गेलं."

डॉक्टरांनी कप बाजूला सारला. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"चौदा वर्षांनी सांगतेस हे मला?"

"लाज वाटत होती."

"सगळ्यांचं असं होत नाही. बहुतेक मांजरं मजेत असतात."

"असतील. किती मजेत असतात ते आपण कधी विचारायला गेलो नाही."

डॉक्टर उठले, खिडकीशी गेले. बाहेर बर्फ वितळवायला मिठाचा ट्रक रस्त्यावर मीठ टाकत चालला होता. तो वळणापलीकडे जाईस्तोवर ते बघत उभे राहिले.

"मालकिणीची सही नाही, म्हणून आज हे ऑपरेशन नाही," ते पाठमोरेच म्हणाले. "तुझ्या रडगाण्यासाठी नाही. कळलं? उताऱ्याचं इंजेक्शन दे तिला. आणि त्या मुलीला तूच फोन कर. तू लावलेली आग आहे ही."

नॅडीन वीस मिनिटांत हजर झाली. ती दारातूनच ओरडली, "कुणी सांगितलं होतं तुला माझ्या आईला फोन करायला?"

"त्यांनी केला. मांजर हरवली म्हणून रडकुंडीला आल्या होत्या."

"मग खोटं बोलायचंस! मी बोलले, तसं तूही बोलायचंस!" प्रतीक्षागृहात कुत्रा घेऊन बसलेला एक माणूस हळूच उठून बाहेर गेला. "तू पाहिलंयस का तिला फरशीवर? मी पाहिलंय. तिचा हात हातात घेतला तर कढईसारखा तापलेला. तिला माझं नाव आठवत नव्हतं, लोरेटा. 'कोण गं तू' म्हणाली मला. आणि तू इथे उभी राहून मांजरीचे हक्क सांगणार!"

"मी हक्क सांगत नाहीये. दुसरा उपाय सांगतेय. नखं दर पंधरा दिवसांनी कापायची. नखांवर मऊ प्लास्टिकच्या टोप्या चिकटवायच्या, मिळतात तशा. महिनाभर टिकतात. ओरबाडायला उंच, जड खांब ठेवायचा, काथ्या गुंडाळलेला…"

"टोप्या! वा!" नॅडीन हसली, पण ते हसणं भयंकर होतं. "गुलाबी आहेत का? आईला बरं वाटेल. अंत्ययात्रेला मांजरीनं नेलपॉलिश लावलेलं असेल."

"हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलंस का, नखं काढून उपयोग होईल का?"

नॅडीननं किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. विचारलं नव्हतं. तिनं आपल्या मनानंच ठरवलं होतं.

"चल," लोरेटानं कोट चढवला. "आत्ता विचारू. ते 'काढा' म्हणाले आणि आगाथाबाई 'हो' म्हणाल्या, तर मी स्वतः मांजर धरते. शब्द देते."

दाराबाहेर पडता पडता तिच्या मनात आलं, डॉक्टर 'काढा' म्हणाले तर?

हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती, आणि दारात उभ्या उभ्याच बोलली. "नखं काढायला आम्ही सांगत नाही. नखं गेलेली मांजर चावते, आणि चावा ओरखड्याहून वाईट. दात खोल जातात. नखं कापून ठेवा, मांजरीशी हातानं खेळू नका, ओरखडा आलाच तर लगेच साबणानं धुवा आणि त्याच दिवशी आम्हाला फोन करा. तीन दिवस फडकं बांधून बसायचं नाही." हे शेवटचं तिनं खाटेकडे बघून म्हटलं.

आगाथाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला मोठं बँडेज. त्या किती लहान झाल्या होत्या!

"आई," नॅडीन म्हणाली, "तू मला दोष देऊ नकोस."

"देत नाही. तू मला विचारलं असतंस तर मी 'हो' म्हटलं असतं."

दोघी चमकल्या. लोरेटाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हो म्हटलं असतं?" नॅडीननं विचारलं.

"मग काय करणार? तू ठरवलंस की ठरलं. आज मांजरीची नखं. उद्या म्हणशील घर विक, परवा म्हाताऱ्यांच्या आश्रमात चल. मी आपली म्हणते, एकेक गोष्ट दिली की पुढची थोडी लांबते." त्यांनी पांघरुणाची कड बोटांनी चुरगळली. "मला तुझी भीती वाटते गं पोरी. मांजरीची नाही वाटत."

नॅडीन खुर्चीवर बसली. मोठ्या आवाजाची, खांद्यानं दारं ढकलणारी ती बाई एकदम गळून गेल्यासारखी दिसली. लोरेटाला तिथून निघून जावंसं वाटलं. आपण मोठ्या न्यायाच्या गोष्टी बोलत आलो, आणि खाटेवरच्या ह्या बाईला कुणीच, अगदी आपणही, 'तुम्हाला काय हवंय' असं विचारलं नव्हतं.

"मग आता विचारते," नॅडीन खुर्ची खाटेजवळ ओढून म्हणाली. "काय करू?"

"टोप्या लावून बघ."

"सहा आठवडे," नॅडीन म्हणाली आणि लोरेटाकडे बोट केलं. "हिच्या जबाबदारीवर. एक जरी गडबड झाली तर मी मांजर घराबाहेर काढणार. आई, तू रडलीस तरी."

आगाथाबाई घरी आल्या, आणि लोरेटा दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्याकडे जाऊ लागली. पहिल्या खेपेला पॅप्रिका फ्रीजमागे जाऊन बसली. तिला बाहेर काढायला टूना माशाचे दोन डबे लागले. टॉवेलात गुंडाळून, एकेक बोट हलकं दाबून नख बाहेर काढायचं, टोक तेवढं कापायचं, आतल्या गुलाबी शिरेला धक्का लावायचा नाही. मग टोपीत गोंदाचा एक थेंब. दहा टोप्या लावता लावता लोरेटाच्या कपाळावर घाम यायचा. दोन तर मांजर दुसऱ्याच दिवशी चावून काढायची. खांब आणला तो मात्र तिला आवडला. त्यावर पाठ ताणून ओरबाडताना ती डोळे मिटायची.

नॅडीन रोज संध्याकाळी यायची आणि आईचे हात, मान, पाय तपासायची. बोलायची नाही. लोरेटाशी तर नाहीच.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी लोरेटाचा फोन वाजला.

"ये," नॅडीन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

लोरेटा पोचली तेव्हा आगाथाबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या आणि नॅडीन त्यांचा डावा हात नळाखाली धरून साबणानं धूत होती. कोपराखाली बोटभर लांबीचा ओरखडा. रक्त पातळ असल्यामुळे थांबता थांबेना. बेसिनमधलं पाणी गुलाबी झालं होतं.

"एक टोपी पडली होती," आगाथाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "माझ्या मांडीवर होती ती. बर्फ ढकलणारी गाडी खडखडत गेली नि ती दचकून उडाली. तिची काही चूक नाही."

"चूक कुणाची ते नंतर बघू," नॅडीन म्हणाली. "हॉस्पिटलात फोन केलाय. दाबून धरा म्हणाले, औषध आजच सुरू करा, आणि दोन दिवस नजर ठेवा. लाली पसरली तर लगेच आणा."

रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. नॅडीननं निळं पेन घेतलं आणि ओरखड्याभोवती, लालीच्या कडेनं, आईच्या कातडीवर एक रेघ ओढली.

"ह्या रेघेबाहेर लाली गेली," ती लोरेटाकडे न बघता म्हणाली, "की मांजर गेली."

लोरेटा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत थांबली, आणि रविवारी चर्चमधून थेट तिथेच आली. तिघी स्वयंपाकघरात बसून होत्या. रेडिओ लावला, बंद केला. कोबी आणि नूडल्स परतून ठेवल्या होत्या, कुणी नीट खाल्ल्या नाहीत. दर तासाला नॅडीन आईची बाही वर सारायची आणि तिघींची डोकी त्या हातावर वाकायची. रविवारी सकाळी लाली रेघेला टेकली होती. नॅडीननं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बाहेर आहे का? लोरेटा, तू बघ. मला कळत नाहीये."

लोरेटानं हात खिडकीच्या उजेडात धरला. तिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा वाटेना. सोयीचं तेच दिसत असेल तर? पण ह्या हाताशी खोटं बोलायचं नव्हतं.

"टेकलीय. बाहेर नाही. पण टेकलीय. फोन कर त्यांना."

नॅडीननं फोन केला. ताप नाही ना, हात कडक नाही ना, असं विचारून त्यांनी दुपारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. ती दुपार सरता सरेना. पॅप्रिका येऊन आगाथाबाईंच्या पायांवर अंग घासू लागली, तेव्हा नॅडीननं तिला पायानं दूर सारलं. लाथ नव्हती ती, पण लाथेपासून फार लांबही नव्हती. मांजर जाऊन खांबाशी बसली.

तीन वाजता रेघेच्या आत पांढुरका पट्टा दिसायला लागला होता. चार वाजता तो आणखी रुंद झाला. लाली मागे सरत होती.

"उतरतेय," नॅडीन म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकवून रडायला लागली. हुंदके देऊन, शाळकरी पोरीसारखी. आगाथाबाईंनी चांगला हात तिच्या केसांवर ठेवला.

बऱ्याच वेळानं नॅडीननं नाक पुसलं. "ती पडलेली टोपी कुठली?"

"उजव्या पंजाची. मधलं बोट."

"तू पंधरा दिवसांनी येतेस. मी रोज येते. मी कापत असते तर मला त्याच दिवशी दिसलं असतं." तिनं हात पुढे केला. "दे ती कातर. आणि दाखव कसं करायचं."

"आत्ता? हात थरथरतायत तुझे."

"मग मांजरीला नीट धर."

लोरेटानं पॅप्रिकाला टॉवेलात घेतलं. नॅडीननं मांजरीचा पंजा असा धरला, जणू विंचू धरलाय. पहिलं नख कापायला तिला पाच मिनिटं लागली. कट् असा बारीक आवाज झाला, आणि पॅप्रिकानं नुसता कान फिरवला.

"झालं?" नॅडीननं अविश्वासानं विचारलं. "एवढंच?"

"एवढंच. अजून नऊ."

सहा आठवडे संपले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. टोप्या पुढे उन्हाळ्यात सुटल्या; नखं नियमानं कापली जात होती, आणि आगाथाबाई मांजर मांडीवर घेताना जाड बाह्यांचा स्वेटर घालत.

डॉक्टर क्राउसनी त्या वसंतात आणखी दोन मांजरांची नखं काढली. लोरेटानं दोन्ही वेळा मदत करायला नकार दिला आणि त्यांनी दुसरी मुलगी बोलावली. दोघांत आठवडाभर अबोला राहायचा. मग मे महिन्यात एक बाई तसंच ऑपरेशन करायचं म्हणून आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत नेलं आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. ती गेली ती कातर आणि टोप्यांचं पाकीट घेऊन. त्यानंतर ते ऑपरेशन वहीत पुन्हा लागलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. लोरेटानं विचारलं नाही. फक्त एकदा, हात धुताना, ते म्हणाले, "त्या तपासण्या मी करायला हव्या होत्या. डचेसच्या." आणि टॉवेल टाकून निघून गेले.

आगाथाबाई पुढे तीन वर्षं जगल्या. हृदयानंच गेल्या, आपल्या घरात. दफनानंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणाच्या दालनात सगळे जेवत असताना नॅडीन थाळी घेऊन लोरेटाच्या शेजारी येऊन बसली.

"मांजर माझ्याकडे आणलीय," ती म्हणाली. "माझ्याकडे आल्यापासून खात नाही नीट. माझ्या पडद्यांची पार वाट लावलीय."

"खांब नेलास का तिचा?"

"विसरले."

"तो ने आज. त्याला तिच्या घरचा वास आहे."

नॅडीननं मान हलवली, बटाट्याचे तुकडे काट्यानं इकडून तिकडे केले. "ती चावायला वगैरे लागणार नाही ना? दुःखानं?"

"नाही. वेळ दे थोडा."

"संध्याकाळी येशील का?" नॅडीन म्हणाली. "नखं मी कापीन. तू नुसती बस."